तक्त्याखालची लाल रेघ

११ सप्टेंबर, शुक्रवार

ताई,

आज सकाळी साडेनऊला हिला इस्पितळात दाखल केलं. बुधवारी संध्याकाळी ताप आला. काल १०३ होता, आज सकाळी १०४. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते. अंग कुणीतरी काठीने बडवल्यासारखं झालंय म्हणते. रक्त तपासलं. डेंग्यू आहे.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी हिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं तसाच ठेवला. सोडल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके उठले. ते म्हणाले, यावर खास औषध नाही. तापाची साधी गोळी, पाणी, सलाईन आणि लक्ष. दुसरी कुठलीही दुखण्यावरची गोळी द्यायची नाही, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. मी विचारलं, आम्ही काय करायचं? ते म्हणाले, पाणी पाजा आणि मोजून पाजा. मोजायचं काम मला जमतं, हे तुम्ही जाणताच.

वॉर्डात वीस खाटा आहेत आणि एकतीस बायका. काही जणी दोन खाटांच्या मधल्या जागेत गादीवर आहेत. हिला खाट मिळाली. प्रत्येकीला मच्छरदाणी आहे. डास आत येऊ नयेत म्हणून नव्हे, तर आतल्या रोग्याला चावून बाहेर जाऊ नयेत म्हणून. ही म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा डासांना माझ्यापासून वाचवतायत." शेजारच्या खाटेवर एक बाई आहेत, नवऱ्याचं जुन्या टायरांचं दुकान आहे. सगळा वॉर्ड त्यांना टायरवाली काकू म्हणतो आणि डास त्यांच्याच टायरांतून आले असं सकाळपासून सुनावतो. त्या म्हणतात, "मग आधी मला कशाला चावले? मालकिणीला तरी सोडायचं."

मी डेअरीतून चौकटींचा कागद आणून तापाचा तक्ता आखला आहे, दूध तापवायच्या यंत्राला लावतो तसाच. दर दोन तासांनी टिंब. भिंतीवर नातेवाइकांसाठी सूचनांचा कागद चिकटवला आहे, सहा ओळींचा. तोही वहीत उतरवून घेतला.

ती तुमची आठवण काढते. जमलं तर या.

— तुमच्या बारकीचा नवरा


१४ सप्टेंबर, सोमवार

भाऊजी,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. या टेकडीवर टपाल सोमवारी आणि गुरुवारी येतं, त्यामुळे तीन दिवस मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या तीन दिवसांत मी इथे साठ मुलींच्या गाद्या उन्हात घातल्या आणि स्वयंपाकीणबाईंशी मीठ जास्त पडल्यावरून भांडले.

वसतिगृह असं सोडून येता येत नाही. बदली बाई बुधवारी येतील. गुरुवारी सकाळी त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या की निघते. शनिवारी तुमच्या दारात असेन.

तोवर एक सांगते, ते तुमच्या वहीत लिहून ठेवा. बारकीला कसं वाटतंय हे विचारू नका, बघा. ती नऊ वर्षांची असताना झाडावरून पडली. शाळेची सहल तीन दिवसांवर होती. ती तीन दिवस डाव्या हाताने जेवली, आणि आम्ही सगळे तिला डावखुरी म्हणून चिडवत होतो. सहलीहून आल्यावर आईने बांगडी चढवायला हात धरला, तेव्हा कळलं की मनगट मोडलंय. तिला विचारलं तर ती "बरी आहे" असंच म्हणणार. चेहरा बघा, काय खाल्लं, किती टाकलं ते बघा. नर्सबाईंना कंटाळा येईल इतकं विचारा. तुमच्या स्वभावात ते नाही, पण या वेळी बसवा.

तिला सांगा, मी येतेय. तोंडातला थर्मामीटर काढून बोलू दे म्हणावं.

— ताई


१४ सप्टेंबर, सोमवार, दुपारी साडेबारा

ताई,

चांगली बातमी आहे. ताप उतरला. पहाटे चारला १००, सहाला ९८.६, आठला ९८.४, दहाला ९८.४. सगळी टिंबं एका सरळ रेषेत. आमच्या डेअरीत काटा खाली येऊन तीन वेळा जागेवर स्थिर राहिला की तक्त्याखाली लाल रेघ मारून सही करतात. म्हणजे ती बॅच झाली. मी दहा वाजता लाल रेघ मारून सही केली. टायरवाल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग एक चक्कर डेअरीत टाकून आलो.

प्लेटलेट कमी आहेत, अडतीस हजार. पण डॉक्टर सकाळच्या फेरीत म्हणाले, नुसत्या त्या आकड्याकडे बघू नका. अशक्तपणा खूप आहे. आता डब्यातली भाताची पेज दोन चमचे घेतली आणि डोळे मिटून पडली आहे. दुसरी काही तक्रार नाही.

तुम्ही आता येऊ नका. दोन दिवसांचा प्रवास, त्यात पावसाचे दिवस, आणि तिकडे साठ मुली. सुट्टीत सावकाश या, तेव्हा ती तुम्हाला स्वतः रांधून वाढेल. बहुधा बुधवारी घरी सोडतील. आज तीन दिवसांनी मी दाढी केली.

हे पत्र आताच्या टपालात टाकतो, म्हणजे तुम्हाला गुरुवारी निघण्याआधी मिळेल.

— तुमच्या बारकीचा नवरा


३ ऑक्टोबर, शनिवार

भाऊजी,

आज सकाळी पोचले. मुलींनी फाटकापासून माझी पिशवी उचलून आणली आणि एकीनेही काही विचारलं नाही. त्यांना कुणीतरी बजावून ठेवलं असणार.

तुमच्या घरी तेरा दिवस राहिले. आपण दोघांनी मिळून तिचं कपाट लावलं, शेजारणीची भांडी परत केली. पण त्या तीन दिवसांत काय झालं, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. समोरासमोर जमलं नाही. लिहायला तुम्हाला जमेल असं वाटतं.

मला काय कळलं ते आधी सांगते. गुरुवारी किल्ल्या देऊन फाटकाशी उभी होते, तेव्हा टपाल आलं. एकाच थैलीत तुमचं "येऊ नका" आणि तुमची "ताबडतोब निघा" ही तार. तार खालच्या गावात बुधवारीच येऊन पडली होती. पाऊस होता म्हणून शिपाई वर चढला नाही. आधी काय झालं आणि मग काय, हे लावायलाच मला तारखा दोनदा वाचाव्या लागल्या. मी वाचत होते तेव्हा ती जाऊन एक दिवस उलटला होता.

मला तिचा राग येतो, भाऊजी. गेलेल्या माणसाचा राग धरू नये, हे मलाही कळतं. तरी येतो. तिने सांगायला हवं होतं. नऊ वर्षांची होती तेव्हा मनगट होतं, ते जुळलं.

इस्पितळातून आणून घरच्या भिंतीवर लावलेला तो तक्ता काढा. मी तिथे असताना म्हणणार होते.

— ताई


८ ऑक्टोबर, गुरुवार

ताई,

विचारलंत म्हणून लिहितो.

१४ तारखेला दुपारी चारच्या सुमाराला तिचे पाय पांघरुणाबाहेर होते, ते झाकायला गेलो तर गार लागले. हातही गार होते आणि कपाळावर घाम होता. थर्मामीटर लावला, ९७.८. मला वाटलं, ताप गेल्यावरचा घाम असेल. ती सारखी कूस बदलत होती. टायरवाल्या काकू उठून बसल्या आणि म्हणाल्या, "हिचा रंग बघा हो," आणि त्यांनीच नर्सबाईंना हाक मारली. रक्तदाब घेतला. वरचा आकडा नव्वद आणि खालचा अठ्ठ्याहत्तर. हे दोन आकडे जवळ येणं वाईट असतं, हे मला तेव्हा समजलं.

डॉक्टर धावत आले. सलाईनची धार मोकळी सोडली. मी म्हणालो, "पण ताप तर उतरला आहे." ते म्हणाले, "तेव्हाच होतं हे. ताप उतरतो त्या एकदोन दिवसांत रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपतं. रक्त घट्ट होतं, दाब पडतो. बहुतेकांना होत नाही. ज्यांना होतं, त्यांना तासांचा हिशेब असतो." मग त्यांनी तक्ता पाहिला. लाल रेघही पाहिली. ते इतकंच म्हणाले, "फार नीट ठेवला आहे."

संध्याकाळी दाब थोडा वर आला. मंगळवारी पुन्हा पडला. तेव्हाच मी तार केली. अतिदक्षता विभागात सहा खाटा, सहाही भरलेल्या. दुपारी एक रिकामी झाली. कशी रिकामी झाली ते मी विचारलं नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं. दिलेलं पाणी नसांत थांबत नव्हतं, छातीत उतरत होतं. दिलं तर श्वास अडायचा, नाही दिलं तर दाब पडायचा. डॉक्टर ते थेंब मोजून कमीजास्त करत होते आणि मी काचेबाहेरून बघत होतो. माझं सगळं आयुष्य काटे बघण्यात गेलं आहे. डेअरीत काटा हलला तर मला झडप फिरवता येते. तिथे फिरवायला माझ्या हाताशी काही नव्हतं.

बुधवारी सकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. ती म्हणाली, "दाढी छान झाली." ती दोन दिवसांपूर्वीची होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी गेली.

डॉक्टर नंतर माझ्याजवळ बाकावर येऊन बसले. म्हणाले, या महिन्यात वॉर्डातून दोनशे बारा माणसं घरी गेली आणि चार गेली नाहीत. ते हे समजूत घालायला सांगत होते की स्वतःलाच, मला कळलं नाही.

चार वाजेपर्यंत कुणालाच काही कळण्यासारखं नव्हतं. तिनेही काही सांगितलं नाही.

एक विचारायचं होतं. त्या सोमवारी सकाळी तिने माझ्या वहीतली दोन पानं फाडून घेतली होती. तुम्हाला तिचं काही पत्र आलं का?

— भाऊजी


१३ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजी,

तुमचं पत्र काल मिळालं. वाचलं, घडी घालून ठेवलं. त्यावर आत्ता काही लिहिता येणार नाही.

तिचं पत्र आलेलं नाही. पानं फाडून घेतली असतील, पण लिहायची ताकद कुठली राहिली असेल.

तुम्ही जेवता का? डेअरीतलं दूध पिऊन दिवस काढू नका. इथे तापाची दोन मुलींना लागण झाल्यासारखं वाटलं, तर मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून राहिले. साधं पडसं निघालं. ताप उतरल्यावर मी जास्त घाबरले. त्या माझ्याकडे वेड्यासारखं बघत होत्या.

— ताई


२० ऑक्टोबर, मंगळवार

ताई,

जेवतो. पोळ्या शेजारून येतात, भाजी मी करतो. मीठ अंदाजाने पडत नाही, चमच्याने मोजतो.

परवा टायरवाले काका डेअरीच्या फाटकाशी आले होते. काकू बऱ्या झाल्या, सांगायला आले, आणि मला बघून सांगावं की नाही या पेचात बराच वेळ सायकल धरून उभे राहिले. मीच म्हणालो, काकूंना नमस्कार सांगा. त्यांनी दुकानातले सगळे टायर आत छपराखाली घेतले आहेत. जाताना म्हणाले, "वहिनींनी दिलेलं पत्र मी त्याच दिवशी टाकलं हो. साडेअकराच्या टपालाला. पोचलं ना?"

मी पोचलं म्हणालो.

टपालात पत्रं गहाळ होतात, हे मला ठाऊक आहे. असो.

— भाऊजी


२६ ऑक्टोबर, सोमवार

भाऊजी,

मी खोटं लिहिलं. तिचं पत्र त्याच थैलीत होतं. तुमचं, तिचं आणि तार. तेरा दिवस तुमच्या घरात होते तेव्हा ते माझ्या पिशवीच्या तळाशी होतं. रोज वाटायचं द्यावं, आणि रोज तुम्ही त्या तक्त्याकडे बघत चहा प्यायचात.

का दिलं नाही, ते वाचल्यावर कळेल. तुम्ही आनंदाने दाढी करत होता तेव्हा ती काय सोसत होती, हे तुम्हाला कळू नये, एवढंच मनात होतं. पण आता तुम्ही "असो" लिहिलंत. तुमच्या "असो"चा भार मला पेलत नाही. सोबत पाठवत आहे.

तुमचा यात काडीचाही दोष नाही, हे मी शपथेवर सांगते. तिने तुम्हाला सांगितलंच नाही, तर तुम्ही काय करणार? दुपारी सांगेन म्हणते आणि सांगत नाही. मनगटाचंच पुन्हा. म्हणून राग येतो.

— ताई


(सोबतचं पत्र)

सोमवार, सकाळ

ताई,

हे टायरवाल्या काकांच्या हाती देतेय, ते काकूंना बघायला आलेत. अक्षर वाकडं येतंय, त्या हातात सुई आहे.

माझा ताप गेला. आत्ता तुझ्या भाऊजींनी तक्त्याखाली लाल रेघ मारली आणि सही केली. माझी एक बॅच झाली, आता मला बाटलीत भरून बूच लावायचं तेवढं राहिलंय. चार दिवसांत पहिल्यांदा हसले ते. ताप मला आणि वजन यांचं उतरलंय.

पण ताई, पहाटेपासून पोटात दुखतंय, उजवीकडे बरगडीखाली. दोनदा उलटीही झाली, ते घरी गेले होते तेव्हा. नर्सबाई नव्या पेशंटच्या मागे होत्या. यांना सांगितलेलं नाही. इतके खूश होते, आणि सांगितलं असतं तर लगेच पोटाचा वेगळा तक्ता आखला असता. बारापर्यंत बघते. डबा घेऊन आले की सांगते. तुझी शप्पथ, सांगते. आता नऊ वर्षांची नाही मी.

तू येणार असशील तर ती निळी शाल घेऊन ये. इथे पंख्याखाली थंडी वाजते.

— बारकी


१ नोव्हेंबर, रविवार

ताई,

पत्र मिळालं. शुक्रवारपासून वाचतो आहे.

तुम्ही तिच्यावर रागावू नका. तिने सांगितलं होतं.

मी बारा वाजता डबा घेऊन आलो. तिला बसतं केलं, पेज वाटीत ओतली. ती म्हणाली, "ऐका ना, पोटात दुखतंय. सकाळपासून." अगदी या शब्दांत. उलट्यांचंही सांगितलं. मी म्हणालो, "चार दिवस पोटात अन्न नाही, दुखेल नाहीतर काय होईल? दोन चमचे घे, थांबेल." ती म्हणाली, "असेल." तिने दोन चमचे घेतले, माझ्यासाठी घेतले असं आता वाटतं. मग आडवी झाली. पुन्हा ती बोलली नाही.

मी तिच्या उशाशी बसून तुम्हाला पत्र लिहिलं. "दुसरी काही तक्रार नाही" हे वाक्य लिहिलं तेव्हा तिने तक्रार करून अर्धा तासही झाला नव्हता. लिहिताना हात थांबला होता, ते आठवतं. पण पोटाचं लिहिलं तर तुम्ही काळजी कराल असं वाटलं. आणि नर्सबाईंना सांगितलं तर घरी सोडायचं दोन दिवस पुढे जाईल असंही वाटलं. हे दुसरं कारण खरं.

वॉर्डाच्या भिंतीवरच्या कागदाच्या सहा ओळी मी पहिल्याच दिवशी वहीत उतरवल्या होत्या. चौथी ओळ अशी आहे: "ताप उतरल्यावर पोटात दुखल्यास किंवा उलट्या झाल्यास ताबडतोब कळवा." माझ्याच अक्षरात आहे, सुवाच्य आहे. पण मी रेघ मारली होती. आमच्याकडे एकदा लाल रेघ मारली की त्या तक्त्यावर पुन्हा कुणी काही लिहीत नाही. बावीस वर्षं तसंच करत आलो.

चारच्या ऐवजी बाराला कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारायला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर तासभर बसलो. ते दोनदा समोरून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला ओळखलं, थांबले आणि म्हणाले, "काही हवं होतं का?" मी नाही म्हणालो. ते हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, दोन्ही घेऊन घरी येणं मला झेपलं नसतं.

तुम्हाला ८ ऑक्टोबरला मी खोटं लिहिलं. तुमचा राग तिच्यावर चालला आहे हे दिसत होतं, आणि मी तो जाऊ दिला. तिने तुमची शपथ घेतली होती आणि पाळली. ती नऊ वर्षांची राहिली नव्हती. राग माझ्याकडे वळवा. पत्र आलं नाही तर मी समजेन. सोमवारी आणि गुरुवारी टपाल तुमच्याकडे येतं, मला त्या वारांची सवय झाली आहे, तेवढंच.

निळी शाल तुम्ही आणली होती, ती इथे कपाटात आहे. ती मागवली कुणी, हे मला आत्ता कळलं.

तक्ता काल काढला. भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन उजळ राहिला आहे.

आरोग्य खात्याच्या बाई सांगून गेल्या आहेत की आठवड्यातून एक दिवस घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासून कोरडी करायची. मी रविवार धरला आहे. बादल्या झाल्या, कुंड्यांखालच्या बशा झाल्या. मोरीतलं पिंप राहिलं आहे. ते आडवं करून धरायला दुसरं कुणी लागतं, तिने धरलं की मी आतून घासायचो. आता भिंतीला टेकवतो आणि पायाने अडवतो.

एवढं लिहून उठतो. ब्रश कडेला ठेवला आहे.

— भाऊजी